दोष कोणाचा?

ठिपक्यांची रांगोळी काढली जात असता ती पाहत उभे राहणे, यात एक निराळाच आनंद असतो. अंगण सारवून झाले, की भोके पाडलेला कागद जमिनीवर अंथरतात. त्यावरून रांगोळीची पूड फिरविली, की खाली एकसारख्या अंतरावर ठिपके उमटतात. मग त्या ठिपक्यांच्या आधाराने कमळ, शंख, कासव, मोर अशा आकृती साकार होऊ लागतात. ठिपके थोडे असले, तर आकृती साधी होते. ठिपके पुष्कळ असले, तर मोराच्या पिसाऱ्यातील एकेक डोळाही दाखविता येतो. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र हीदेखील एक प्रकारची ठिपक्यांची रांगोळीच होय. फरक इतकाच, की या रांगोळीत ठिपके लक्षावधी असतात आणि ती दर सेकंदास बहुधा साठ वेळा नव्याने रेखली जाते.

ही रांगोळी कधी कधी बिघडते. अक्षरे अंधुक होतात, वर्तुळे लंबगोल दिसू लागतात. अशा वेळी पडदाच खराब आहे, असे पाहणाराला वाटते. पडद्यावर दोष दिसतो, तेव्हा तो पडद्याचाच असला पाहिजे, असे मन सहज धरून चालते. परंतु हा समज पुष्कळदा चुकीचा ठरतो. तो कसा, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल. हा प्रसंग कोणत्याही शाळेत घडावा असा आहे.

एका खेड्यातील शाळेत एक जुना, लहान पडदा होता. त्यावरील मजकूर पहिल्या दोन बाकांपलीकडे कोणास वाचता येत नसे. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि शाळेला एक मोठा मॉनिटर घेऊन दिला. जुना पडदा काढला गेला आणि त्याच केबलला नवा जोडण्यात आला. सारा वर्ग उत्सुकतेने गोळा झाला. वर्गणीसाठी घरोघर हिंडलेले एक आजोबाही मुद्दाम येऊन बसले. बाईंनी शुद्धलेखनाचा पाठ उघडला आणि सर्वांचे चेहरे उतरले.

अक्षरे मोठी होती; पण ती फुगलेली आणि धूसर दिसत होती. अनुस्वार शिरोरेषेत मिसळून गेले होते. 'रंग' हा शब्द एकाने 'रग' असा वाचला. 'घन' हा शब्द दुसऱ्याने 'धन' असा वाचला. शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी तर वाचायला उठलीच नाही. आपलेच डोळे अधू झाले असावेत, या भीतीने ती मुकाट बसून राहिली. आजोबांना राग आला. ते म्हणाले, "बाई, दुकानदाराने आपल्याला फसविले. उद्याच्या उद्या हा पडदा त्याच्या दारात नेऊन ठेवतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, पडदा सदोष असेल, तर अवश्य परत करू. पण दोष कोणाचा, हे आधी ठरवू या. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे व्हायचे."

दोष शोधायचा, तर पडद्यावर चित्र कसे उमटते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याला चित्रबिंदू किंवा पिक्सेल असे म्हणतात. भिंगातून पाहिले, तर एकेका चित्रबिंदूत तांबडा, हिरवा व निळा असे तीन बारीक भाग दिसतात. त्यांचा उजेड कमीअधिक करून हवा तो रंग साधला जातो. आडव्या ओळीत किती बिंदू आहेत आणि अशा ओळी किती आहेत, हे सांगणाऱ्या संख्यांच्या जोडीला रिझोल्यूशन म्हणतात. ज्या पडद्याचे रिझोल्यूशन १९२०×१०८० असते, त्याच्या एका ओळीत १९२० बिंदू असून अशा १०८० ओळी एकाखाली एक असतात. गुणाकार केला, म्हणजे एकूण बिंदूंची संख्या २०,७३,६०० भरते.

पूर्वीच्या जाड, पेटीसारख्या पडद्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील बाजूवर चित्र रेखीत असे. त्यामुळे ते पडदे निरनिराळ्या रिझोल्यूशनांशी बऱ्यापैकी जुळवून घेत. आजच्या सपाट पडद्यांचे तसे नाही. त्यांतील चित्रबिंदू कारखान्यातच जागच्या जागी बसविलेले असतात. त्यांची संख्या पुढे वाढतही नाही आणि घटतही नाही. या ठरलेल्या संख्येला त्या पडद्याचे मूळ रिझोल्यूशन म्हणता येईल. संगणकाने नेमके तितक्याच बिंदूंचे चित्र पाठविले, तर प्रत्येक बिंदूला आपापले घर मिळते आणि चित्र रेखीव दिसते.

आता आडव्या ओळीत १२८० बिंदूंचे चित्र आले आणि घरे मात्र १९२० आहेत, असे समजू. म्हणजे दर बिंदूच्या वाट्याला दीड घर येणार. पण अर्धे घर एका रंगाने आणि अर्धे दुसऱ्या रंगाने भरता येत नाही. तेव्हा पडदा मधल्या घरांत शेजारच्या रंगांचे मिश्रण भरतो. काळ्या अक्षराची कड पांढऱ्या पार्श्वभूमीला भिडते, तेथे करडा रंग तयार होतो. या करड्या कडांमुळे अक्षर धूसर दिसते. आपल्या देवनागरी लिपीला ही धूसरता विशेष जाचते. कारण एका लहानशा अनुस्वाराने शब्दाचा अर्थ पालटतो आणि 'घ' व 'ध' यांतील भेद डाव्या बाजूच्या एका बारीकशा वळणावर आणि शिरोरेषेवर अवलंबून असतो.

एवढे समजल्यावर वर्गात शोधास आरंभ झाला. पहिला प्रश्न डोळ्यांचा होता. बाईंनी शेवटच्या बाकावरील मुलीला पडद्याजवळ बोलाविले. जवळून पाहिले, तरी अक्षरांच्या कडा तशाच पुसट होत्या आणि इतर मुलांनाही त्या तशाच दिसत होत्या. याच अंतरावर धरलेले पुस्तक मात्र तिने घडाघडा वाचून दाखविले. दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. तिच्या चेहऱ्यावरची काळजी क्षणात मावळली.

मग बाईंनी पडद्यावर भूगोलाचे पान उघडले. त्यावर पृथ्वी दाखविणारे एक वर्तुळ होते. त्याच मुलीने पट्टी घेऊन ते मोजले. उंची १२ सेंटिमीटर भरली आणि रुंदी १६ सेंटिमीटर! वर्तुळाची उंची आणि रुंदी सारखीच असावयास हवी. येथे तर ते आडवे ताणले गेले होते. "चित्र बिघडले आहे" असे म्हणणे निराळे आणि "चित्राची रुंदी उंचीच्या मानाने एकतृतीयांशाने वाढली आहे" असे सांगणे निराळे. पहिल्या वाक्यातून तक्रार कळते. दुसऱ्यातून कारणाचा माग लागतो.

पडद्याच्या कडेला एक बटण होते. ते दाबताच माहितीचा एक चौकोन उमटला. आपल्याकडे कोणत्या रिझोल्यूशनचे चित्र येत आहे, हे पडदाच त्यात सांगत होता. तेथे १०२४×७६८ असे आकडे होते. पडद्यासोबत आलेल्या पुस्तिकेत मात्र मूळ रिझोल्यूशन १९२०×१०८० असे छापले होते. म्हणजे घरे २०,७३,६०० आणि त्यांत राहावयास आलेले बिंदू अवघे ७,८६,४३२! वर्तुळ का ताणले गेले, तेही आता उमगले. १०२४ व ७६८ यांचे प्रमाण ४:३, म्हणजेच १२:९ असे आहे. १९२० व १०८० यांचे प्रमाण १६:९ असे आहे. १२ भाग रुंदीचे चित्र १६ भाग रुंदीच्या पडद्यावर पसरावे लागले. मुलीच्या पट्टीने नेमके हेच सांगितले होते. पडदा बिचारा निरपराध होता. जे त्याच्या हाती आले, तेच तो दाखवीत होता.

तेव्हा संशय संगणकाकडे वळला. विंडोज प्रणालीच्या संगणकात 'डिस्प्ले सेटिंग्ज' हे पान उघडले, की तेथे रिझोल्यूशनांची यादी असते. योग्य रिझोल्यूशन त्या यादीतून निवडले, की बहुतेक वेळा काम भागते. बाईंनी यादी उघडली. पण तिच्यात १९२०×१०८० हे रिझोल्यूशन नव्हतेच. पडद्याची खरी योग्यता संगणकाला कळलीच नव्हती.

ती एरवी कशी कळते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पडदा जोडताच तो व संगणक यांच्यात एक लहानसा संवाद होतो. प्रत्येक पडद्यामध्ये त्याचे एक ओळखपत्र साठविलेले असते. त्याला ईडीआयडी असे म्हणतात. मॉनिटर व संगणक यांसंबंधीचे नियम ठरविणाऱ्या व्हेसा या संस्थेने १९९४ साली त्याची रचना निश्चित केली. मूळ ओळखपत्र अवघ्या १२८ बाइटांचे असते. पण त्यात पडदा कोणी बनविला, त्याचा आकार केवढा आणि त्याला कोणते रिझोल्यूशन मानवते, हे सारे नमूद केलेले असते. वाचण्यात चूक होऊ नये, म्हणून त्याचा शेवटचा बाइट असा निवडतात, की सर्व १२८ संख्यांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही, तर वाचताना काहीतरी बिघडले, हे संगणक ओळखतो.

हे ओळखपत्र पोहोचलेच नाही, तर काय होते? अनोळखी पाहुण्याला तिखट सोसेल की नाही, हे ठाऊक नसले, म्हणजे घरची माणसे भाजीत बेतानेच तिखट घालतात. संगणकही तसेच करतो. बहुतेक कोणत्याही पडद्याला झेपेल असे १०२४×७६८ सारखे बेताचे रिझोल्यूशन तो पाठवितो. त्यात त्याची चूक नसते. ती सावधगिरी असते.

आता उरली होती केबल. संगणक बंद करून, विजेचा पुरवठा तोडून बाईंनी ती सोडविली. ती व्हीजीए प्रकारची होती. ही पद्धत आयबीएम या कंपनीने १९८७ साली आणली. हिच्या टोकाशी १५ पिनांची जागा असते. पहिल्या तीन पिनांतून तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे संदेश जातात. तेराव्या व चौदाव्या पिनांतून ओळी कोठे सुरू व्हाव्यात, याचा ताल जातो. आणि पडद्याचे ओळखपत्र बाराव्या व पंधराव्या पिनांच्या द्वारे येते. अनेक केबलींमध्ये नववी पिन मुळातच नसते, तो दोष नव्हे. परंतु या केबलीची बारावी पिन वाकून आत दबली होती! रंग येत होते, ताल येत होता, म्हणून चित्र दिसत होते. ओळखपत्राची वाट मात्र बंद होती.

तोच एका मुलाने शंका काढली, "बाई, ही केबल तर कित्येक वर्षे चालत होती. मग जुन्या पडद्यावर अक्षरे स्वच्छ कशी दिसत?" शंका मार्मिक होती. जुन्या पडद्याचे मूळ रिझोल्यूशनच १०२४×७६८ होते. संगणकाने सावधगिरीने निवडलेले रिझोल्यूशन आणि पडद्याची खरी गरज यांचा योगायोगाने मेळ बसत होता. केबलीतील दोष जुनाच होता. नव्या पडद्याने तो उघडकीस आणला, इतकेच.

बाईंनी कार्यालयातील संगणकाची तशीच, पण धड केबल आणून जोडली. दुसरे काहीही बदलले नाही. संगणक सुरू होताच यादीत १९२०×१०८० हे आकडे आले आणि ते निवडताच वर्तुळ वाटोळे झाले. अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या रेखीव झाल्या आणि अनुस्वार शिरोरेषेवर मोत्यासारखे उभे राहिले. बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी पुन्हा जुनी केबल लावून पाहिली; दोष परत आला. धड केबल लावताच तो पुन्हा नाहीसा झाला. आता शंकेला जागा उरली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा शोधाचा मुख्य नियम होय. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर दुरुस्ती कदाचित होईल. पण गुण कशाचा आला, हे कधीच कळणार नाही.

एवढ्याने गोष्ट संपली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचे वयस्कर लेखनिक त्या पडद्यावर काम करावयास बसले. त्यांना अक्षरे बारीक वाटू लागली. ती मोठी दिसावीत, म्हणून त्यांनी रिझोल्यूशन उतरवून १२८०×७२० केले. अक्षरे मोठी झाली. पण धूसरपणा पुन्हा आला. ही चूक अनेक जण करतात. अक्षरे मोठी करण्याचा योग्य मार्ग त्याच पानावर दिलेला असतो. रिझोल्यूशन मूळचेच ठेवावे आणि 'स्केल' या नावाखाली १०० टक्क्यांऐवजी १२५ किंवा १५० टक्के निवडावे. पहिल्या रीतीत लहान अक्षर ओढूनताणून मोठे केले जाते. दुसऱ्या रीतीत अधिक बिंदू वापरून मोठे अक्षर नव्याने रेखले जाते. मुलांनी तो बदल करून दिला, तेव्हा लेखनिकांचे डोळेही निवले आणि अक्षरांचा रेखीवपणाही टिकला.

अशी आणखीही काही कारणे असतात. लॅपटॉपला मोठा पडदा जोडून दोन्हींवर एकच चित्र दाखविले, तर दोघांनाही झेपेल असे एकच रिझोल्यूशन बहुधा निवडले जाते आणि मोठ्या पडद्याला लहानाच्या मापाने वागावे लागते. विंडोज चिन्हाची कळ व 'पी' ही कळ एकदम दाबून ही मांडणी बदलता येते. संगणक दूरदर्शन संचाला जोडला, तर चित्राच्या कडा कापल्या गेलेल्या दिसतात. काचनळीच्या काळात चित्र कडेपलीकडे थोडे पसरविण्याची प्रथा होती. ती काही संचांत अद्याप टिकून आहे आणि संचाच्याच सेटिंग्जमधून ती बंद करता येते. चित्रासंबंधीचे काम सांभाळणारा ड्रायव्हर नावाचा कार्यक्रम संगणकात नसला, तरीही यादीत मोजकीच रिझोल्यूशने दिसतात. ३८४०×२१६० बिंदूंच्या पडद्याला केबलही तशीच समर्थ लागते. चित्र व ध्वनी एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय पद्धतीची पहिली आवृत्ती २००२ साली आली. तिच्या २००९ सालच्या १.४ या आवृत्तीला एवढे मोठे चित्र सेकंदास ३० वेळाच नेता येई. २०१३ सालच्या २.० या आवृत्तीपासून ते ६० वेळा नेता येऊ लागले.

चुकून एखादे न झेपणारे रिझोल्यूशन निवडले गेले आणि पडदा काळा झाला, तरी घाबरून जाऊ नये आणि भराभर कळाही दाबू नयेत. विंडोज प्रणाली अशा वेळी १५ सेकंद वाट पाहते आणि संमती न मिळाल्यास पूर्वीचे रिझोल्यूशन आपण होऊन परत आणते. थोडा धीर धरला, की काम होते.

शाळा सुटण्याच्या वेळी आजोबा पुन्हा आले. पडद्यावरील स्वच्छ अक्षरे पाहून ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "बरे झाले, रागाच्या भरात दुकानदाराकडे गेलो नाही. एका वाकलेल्या पिनेपायी भल्या माणसाला बोल लागला असता." शेवटच्या बाकावरील मुलगी त्या वेळी पडद्यावरील पाठ मोठ्याने वाचीत होती. या वेळी तिने 'रंग' हा शब्द 'रंग' असाच वाचला.

दोष जेथे दिसतो, तेथेच तो असतो असे नाही. संगणक, केबल आणि पडदा ही एक साखळी आहे आणि तिच्यातील कोणताही दुवा कच्चा असला, तरी त्याची खूण अखेर पडद्यावरच उमटते. म्हणून आधी नीट पाहावे, मोजावे, एकेक दुवा तपासावा आणि मगच निर्णय द्यावा. यंत्रांच्या बाबतीत ही सवय उपयोगी आहेच. माणसांना दोष देण्यापूर्वी तर तिची गरज कितीतरी अधिक आहे.

शब्दार्थ

अधू – कमजोर. धूसर – अस्पष्ट. निरपराध – ज्याचा काही गुन्हा नाही असा. मार्मिक – नेमके वर्म ओळखणारा. लेखनिक – कारकून. बोल लागणे – दोष येणे. चोर सोडून संन्याशाला सुळी – खऱ्या अपराध्याऐवजी निरपराध माणसाला शिक्षा.

स्वाध्याय

१. पडद्यावरील चित्राला ठिपक्यांच्या रांगोळीची उपमा का दिली आहे?
२. मुलीने वर्तुळ मोजल्यामुळे कोणती गोष्ट उघड झाली? गणिताने दाखवा.
३. केबलीतील दोष जुन्या पडद्यावर का दिसला नाही?
४. बाईंनी जुनी केबल पुन्हा लावून का पाहिली?
५. १२८०×७२० या रिझोल्यूशनात एकूण किती चित्रबिंदू असतात?
६. अनुस्वार दिला असता अर्थ बदलतो, अशा शब्दांच्या पाच जोड्या लिहा. उदा. रग – रंग.
७. दोष एकीकडे दिसला, पण कारण दुसरीकडे सापडले, असा एखादा अनुभव दहा ओळींत लिहा.